घर घेताना (लेखांक ६) : तपासनीसाचा परवाना आणि त्याचा विमा

विकत घ्यायच्या घराची तपासणी करून अहवाल देणाऱ्यासाठी भारतात स्वतंत्र परवाना नाही. रायपूरमध्ये मोवा, सड्डू किंवा नवा रायपूरमधल्या फ्लॅटची ओल, तडे, वायरिंग पाहणाऱ्याला केंद्राची परीक्षा द्यावी लागत नाही आणि छत्तीसगढ शासनाचीही नाही. गुमास्ता नोंदणी, सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांपुढे गेल्यास जीएसटी क्रमांक, या धंद्याच्या नोंदी झाल्या. कौशल्याचा दाखला त्यांतून मिळत नाही. जाहिरातीतले ‘सर्टिफाइड’ हे बिरूद बहुधा एखाद्या खासगी अभ्यासक्रमाचे असते.

म्हणून तपासनीसाची पात्रता शेजारच्या व्यवसायांवरून जोखावी लागते. वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याखाली वास्तुकला परिषदेची नोंदणी लागते; मात्र तो कायदा उपाधी राखतो, काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. स्थापत्य अभियंत्यांसाठी असा देशव्यापी कायदाच नाही. महापालिका त्यांना परवाना देते तो नकाशे आणि बांधकामावरील देखरेखीसाठी. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार पालिकेकडे नोंदलेल्या अभियंत्याकडूनच करून घ्यावे लागते, पण ते साऱ्या इमारतीचे असते; एका फ्लॅटच्या खरेदीदाराला त्याचा उपयोग मर्यादित.

सर्वाधिक गल्लत होते ती मूल्यांककाबाबत. कंपनी कायद्याच्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांखालील नोंदणीकृत मूल्यांककाला पदवी, अनुभव आणि परीक्षा अशा तिन्ही अटी असतात. जमीन व इमारत या वर्गात स्थापत्य, वास्तुकला किंवा नगररचनेच्या पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव हवा. एवढे असूनही त्याचे काम किंमत ठरवण्याचे. गृहकर्जासाठी येणारा मूल्यांकक बँकेला उत्तर देतो. तारण पुरेसे आहे का, हे तो पाहतो, न्हाणीघराची भिंत का फुगली हे नाही. बँकेचा माणूस येऊन गेला म्हणजे घर तपासून झाले, असे मानणारे खरेदीदार कमी नाहीत.

परदेशातही एकच रीत नाही. अमेरिकेत टेक्सास राज्य तपासनीसाला परवाना देते आणि किमान एक लाख डॉलरचा विमा सक्तीचा करते. कॅलिफोर्नियात परवानाच नाही.

भारतात विम्याचीही सक्ती नाही, पण तो मिळतो. कामातल्या हयगयीमुळे ग्राहकाचे नुकसान झाले तर भरपाई देणारी पॉलिसी ती ‘प्रोफेशनल इंडेम्निटी’. तपासताना फरशी फुटली, शिडीवरून कोणाच्या अंगावर काही पडले, तर ते सार्वजनिक दायित्व विम्याचे काम. सोबतचा मदतनीस जखमी झाल्यास कर्मचारी भरपाईचा विमा वेगळा.

प्रोफेशनल इंडेम्निटीत नीट वाचायच्या त्या तारखा. दावा ज्या वर्षी दाखल होतो त्या वर्षी पॉलिसी चालू असावी लागते आणि चूक पॉलिसीत लिहिलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी लागते. अहवाल २०२४ चा, गळती उघड झाली २०२६ मध्ये आणि मधल्या काळात नूतनीकरण राहिले, तर जुन्या हप्त्याचा काही उपयोग नाही. एका घटनेसाठीची आणि वर्षभरातल्या सर्व दाव्यांसाठीची कमाल रक्कमही पॉलिसीत स्वतंत्र नोंदलेली असते.

नव्या घरात बिल्डरवर कायद्याची जबाबदारी आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातला दोष त्याला तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. छत्तीसगढ रेराकडे तक्रार नेताना तपासणीचा अहवाल कामी येतो. ती मुदत उलटलेल्या जुन्या घरात बिल्डरकडे बोट दाखवता येत नाही. तिथे तपासनीसाची चूक महागात पडली, तर ग्राहक आयोगाची वाट उरते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आयोगाची पायरी दिलेल्या मोबदल्यावर ठरत असल्याने नुकसान मोठे असले तरी प्रकरण जिल्हा आयोगापासूनच सुरू होते.

तपासनीसाची पॉलिसी मागून घेण्यात काही गैर नाही. तिच्यात व्यवसायाचे वर्णन फक्त ‘मूल्यांकन’ किंवा ‘नकाशे व आराखडे’ एवढेच असेल, तर तपासणीच्या अहवालावरचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.