पावसाची नोंद आणि मजुरीचा रकाना

अकोल्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे 800 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. मात्र वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीचे, म्हणजे केवळ पावसाच्या पाण्यावर उभ्या असलेल्या शेतीचे बरेवाईट या बेरजेपेक्षा दोन पावसांमधील खंडावर अधिक ठरते. हा खंड पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडला हे नोंदवून त्यावरून पेरणी, वाण आणि मशागत यांची शिफारस करणे हे काम डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ कित्येक दशके करीत आले आहे. हे विद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 रोजी स्थापन झाले असून विदर्भातील सर्व 11 जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. ज्यांचे नाव ते धारण करते ते पंजाबराव 1952 ते 1962 या काळात केंद्रीय कृषिमंत्री होते, पण ऑक्सफर्डला त्यांनी प्रबंध लिहिला तो वैदिक वाङ्मयावर. शेतीच्या प्रश्नाला ज्ञानशाखांच्या भिंती नसतात याचे एवढे चांगले उदाहरण संस्थेच्या नावातच आहे.

अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प आणि त्याच धर्तीचा कृषी हवामानशास्त्राचा प्रकल्प या दोहोंची केंद्रे अकोल्यात आहेत. कृषी हवामानशास्त्र म्हणजे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि ऊन यांचा पिकाच्या वाढीशी असलेला संबंध तपासणारी शाखा. जमिनीतून वाफ होऊन जाणारे आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी यांची बेरीज, जिला बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात, ती पावसाशी ताडून पाहिली की पिकावर ताण कोणत्या आठवड्यात येईल याचा अंदाज बांधता येतो. रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरले असता सरीत पाणी मुरते आणि जास्तीचे वाहून जाते, म्हणून खंड आणि अतिवृष्टी अशा दोन्ही संकटांत ती उपयोगी पडते. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, निघणारा हवामानाधारित कृषी सल्ला हे या साऱ्या मोजमापाचे शेतकऱ्याला दिसणारे रूप होय.

या अभ्यासाची खरी कसोटी खारपाणपट्ट्यात लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारट आहे. विहीर खणली तरी तिचे पाणी पिकाला देता येत नाही, आणि दिलेच तर चिकण काळ्या जमिनीतील सोडियम वाढून तिचा निचरा बसतो. हीच चिकणमाती मात्र शेततळ्याला अनुकूल ठरते, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. त्यामुळे पावसाचे गोडे पाणी साठवून खंडाच्या काळात एखादे संरक्षित पाणी देणे हा येथील सर्वांत व्यवहार्य उपाय मानला जातो. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील 932 गावे घेण्यात आली, हे या प्रश्नाची व्याप्ती सांगणारे आहे.

तथापि हवामानाचा ताण केवळ रोपाच्या पानावर दिसत नाही. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या डोंगराळ तालुक्यांतील कोरकू आदिवासी कुटुंबे खरिपाचे स्वतःचे काम आटोपताच सोयाबीन सोंगण्यासाठी, कापूस वेचण्यासाठी आणि पुढे हरभरा काढण्यासाठी मेळघाटातून खाली उतरतात आणि शक्यतो होळीला गावी परततात. डोंगरात पावसाने दगा दिला तर हे उतरणे लवकर व मोठ्या संख्येने होते. मैदानात पीक बुडाले तर उतरूनही काम मिळत नाही. या काळात मुलांची शाळा, गरोदर मातेची अंगणवाडीतील नोंद आणि रेशन यांचे काय होते, हा समावेशनाचा, म्हणजे परक्या ठिकाणी आलेल्या माणसाला तेथील सोयी व हक्क मिळण्याचा प्रश्न आहे. युरोपातील विद्यापीठे तो देशांतरितांच्या संदर्भात अभ्यासतात; वऱ्हाडात तो एकाच जिल्ह्याच्या दोन तालुक्यांमध्ये उभा राहतो.

कृषी विद्यापीठाच्या रचनेत अभ्यासाचे एकक शेत आणि पीक असल्याने हा मजूर उत्पादनखर्चाच्या तक्त्यात वेचणीची मजुरी म्हणून प्रकट होतो, तर लोकसंख्याशास्त्राच्या संस्था, उदाहरणार्थ मुंबईत 1956 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, त्याला स्थलांतरित म्हणून मोजतात. अकोल्याची पावसाची नोंद आणि मेळघाटातील गावांची ये-जा एकाच कागदावर मांडली गेली तर दोन्ही शाखांना लाभ होईल, असे मानण्यास जागा आहे. त्यासाठी घाई करण्याचेही कारण आहे. कमी अंतरावर दाट रोपे लावण्याच्या अतिघन कापूस लागवडीवर सध्या विदर्भात प्रयोग चालू आहेत आणि एकाच वेळी फुटणारी, बुटकी, आटोपशीर झाडे वेचणी यंत्राला सोयीची ठरतात. ती पद्धत रुळली तर उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम उलगेपर्यंत, मैदानात थांबणाऱ्या कुटुंबांचे काम सर्वांत आधी कमी होईल.