संयोगदांड्याची घट्ट टोपी

ट्रॅक्टरचे किंवा मालमोटारीचे एंजिन दुरुस्तीसाठी खोलावयास घेतले, म्हणजे तेलाची खालची परात काढल्यावर भुजादंड, अर्थात क्रँकशाफ्ट, दृष्टीस पडतो. त्याच्या प्रत्येक खुंटाला एकेका दट्ट्याचा संयोगदांडा कवटाळून बसलेला असतो. गॅरेजमध्ये यालाच कनेक्टिंग रॉड म्हणतात. दांड्याचे खालचे टोक दोन अर्धवर्तुळांचे असते. वरचे अर्धे दांड्याचेच अंग असते व खालचे अर्धे दोन बोल्टांनी त्यास जोडलेले असते. या खालच्या अर्ध्यास टोपी म्हणतात. बोल्ट सैल केले की टोपी खाली गळून पडेल, अशी नवशिक्याची समजूत असते. परंतु बोल्ट काढले तरी ती पुष्कळदा तसूभरही हलत नाही. मग पेचकस किंवा पटाशी सांध्यात घालून ती उचकटण्याचा मोह होतो, आणि चांगल्या एंजिनाचा नाश येथेच सुरू होतो.

टोपी एवढी घट्ट का असावी? दट्ट्या सिलिंडरच्या माथ्याशी पोहोचला की त्याला क्षणात थांबून उलट फिरावे लागते. जळालेला वायू बाहेर टाकण्याच्या धावेच्या अखेरीस वरून दाब जवळजवळ नसतो. तेव्हा वर धावणाऱ्या दट्ट्याला मागे खेचण्याचे काम एकट्या टोपीवर व तिच्या बोल्टांवर पडते. दट्ट्या, त्याची पिन व दांड्याचा वरचा भाग मिळून १ किलोग्रॅम, क्रँकची त्रिज्या ५ सेंटिमीटर व वेग मिनिटाला ३,००० फेरे असे धरले, तर ही ओढ ६०० किलोग्रॅम वजनाहून अधिक भरते, आणि चार धावांच्या एंजिनात ती सेकंदाला २५ वेळा येते. एवढ्या हिसक्यांखाली टोपी केसभर जरी सरकली, तरी आतील धारव्याचे, म्हणजे बेअरिंगचे, आयुष्य संपले. कारण खुंट व धारवा यांच्यामधील तेलाची फट खुंटाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवतात. ५० मिलिमीटरच्या खुंटाला सुमारे ०.०५ मिलिमीटर.

म्हणून टोपी जागच्या जागी धरून ठेवण्याची योजना केलेली असते. काही दांड्यांत बोल्टाचा मधला गुळगुळीत भाग भोकात अगदी नेमका बसतो. काहींत भोकाच्या तोंडाशी पोकळ खुंट्या असतात. मोठ्या डीझेल एंजिनांत दांड्याचे खालचे टोक सिलिंडरमधून वर निघावे म्हणून सांधा पुष्कळदा तिरपा कापतात, आणि त्यावर करवतीसारखे दाते पाडून ते एकमेकांत अडकवितात. १९९० च्या दशकापासून मोटारींच्या एंजिनांत आणखी एक रीत पसरली. दांड्याचे टोक अखंड घडवून, त्यात बारीक खाच पाडून, ते चक्क तडकवितात. तुटलेल्या पृष्ठांचे कणन् कण परत एकमेकांत बसतात. दुसरी कोणतीही टोपी तेथे बसणार नाही.

तडकविलेल्या नसलेल्या टोप्याही परस्परांत बदलता येत नाहीत, ही गोष्ट मिस्त्रीलोकही कधीकधी विसरतात. कारखान्यात टोपी दांड्याला पूर्ण आवळून मगच भोक आतून कातलेले असते. ते वर्तुळ त्या जोडीचेच असते. टोपी उलटी फिरविली किंवा शेजारच्या दांड्याला लावली, तर वर्तुळ मोडते, धारवा एका बाजूला चिमटतो व एंजिन थोड्याच वेळात अडकते. यास्तव पाना हाती घेण्यापूर्वी दांडा व टोपी यांच्या एकाच बाजूस जुळते आकडे आहेत की नाहीत, हे पाहावे. नसल्यास सिलिंडरच्या क्रमाने रंगाने खूण करावी. ठोकून आकडा उमटविण्यापेक्षा, विशेषतः तडकविलेल्या दांड्यावर, रंग बरा.

आता प्रत्यक्ष कृती. भुजादंड फिरवून तो दट्ट्या अगदी खाली आणावा. दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे सैल करावेत, परंतु पूर्ण काढू नयेत. तीनचार फेरे सैल झाल्यावर लाकडी मोगरीने किंवा पितळी हातोडीने बोल्टांच्या डोक्यांवर एकदा या बाजूस, एकदा त्या बाजूस हलके ठोके द्यावेत. बोल्टाचे आटे दांड्यात गुंतलेले असल्याने ठोका दांड्याला वर ढकलतो. टोपीही त्याच्याबरोबर वर येऊ पाहते, पण खुंट तिला आडवा येतो. दांडा सरकतो, टोपी अडते आणि सांधा समांतर उघडतो. बोल्ट दांड्यात वरून बसविलेले असून खाली नट असतील, तर नट बोल्टाच्या टोकाशी समपातळीत आणून मगच ठोकावे, म्हणजे आटे चेपत नाहीत.

फट दिसू लागली की दोन्ही बोल्ट हातांत मुठीसारखे धरून टोपी किंचित डोलवीत सरळ खाली ओढावी. एकीकडून जोर केला तर ती तिरपी होऊन अधिकच अडकते; टेबलाचा खण एका कोपऱ्याने ओढल्यावर अडकतो, तसाच हा प्रकार आहे. पटाशीने नेमके हेच होते, आणि शिवाय सांध्याच्या पृष्ठावर उंचवटा उठतो. तो उंचवटा टोपी परत बसविताना तिला पुरती टेकू देत नाही. कानशीने घासून तो दिसेनासा होईल, पण वर्तुळाचे माप पूर्ववत होणार नाही.

टोपी निघाली की तिच्यातील अर्धा धारवा तिच्याजवळच ठेवावा. दांड्यातून खाली डोकावणाऱ्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत. दट्ट्या वर ढकलताना उघडे आटे खुंटावर घासले, तर पडलेला ओरखडा काढण्यासाठी अख्खा भुजादंड घासून घ्यावा लागतो. ऐन पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर त्यापायी दिवसचे दिवस उभा राहू शकतो. सिलिंडरच्या माथ्याशी झिजेमुळे कंगोरा उठला असेल, तर तो आधी काढावा, नाहीतर दट्ट्यावरील कडी तेथे अडकून मोडतात.

दट्ट्या बाहेर येताच टोपी त्याच दांड्याला, त्याच बाजूने, बोल्ट हाताने फिरवून लावून ठेवावी. तडकविलेली टोपी मात्र तुटलेल्या पृष्ठावर पालथी कधीही ठेवू नये.