प्रक्रिया कॅमेरा (नकाशानिर्मिती)

प्रक्रिया कॅमेरा हा नकाशे, रेखाटने व छापील मजकूर यांसारख्या सपाट मूळप्रतींची निगेटिव्ह तयार करण्यासाठी वापरला जाणारा मोठा, स्थिर कॅमेरा होय. संगणकाधारित नकाशानिर्मिती रूढ होण्यापूर्वी हाताने रेखाटलेला नकाशा छपाईच्या पत्र्यापर्यंत पोहोचवण्याचे ते एक प्रमुख साधन होते. मूळप्रतीतील प्रत्येक अंतर ठरलेल्या प्रमाणात उतरवणे हे त्याचे काम असल्याने नकाशाच्या संदर्भात तो एक मापन-उपकरणच ठरतो.

इतिहास

ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेत सर हेन्री जेम्स यांच्या कारकिर्दीत, १८५९-६० च्या सुमारास, छायाचित्राच्या साहाय्याने जस्ताच्या पत्र्यावर नकाशा उतरवण्याची 'फोटोझिंकोग्राफी' ही पद्धत विकसित झाली. भारतात सर्व्हे ऑफ इंडियाच्या कलकत्ता येथील छायाचित्रण विभागाची धुरा जेम्स वॉटरहाउस यांनी १८६६ पासून सुमारे तीन दशके सांभाळली. पुणे येथील शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात या पद्धतीची खूण टिकून आहे.

रचना

मूळप्रत लावण्याचा फलक, भिंग आणि निगेटिव्ह धरणारी मागील चौकट हे कॅमेऱ्याचे तीन मुख्य भाग असून ते एका लांब, भक्कम रुळावर परस्परांना समांतर बसवलेले असतात. भिंग व मागील चौकट यांना कातडी किंवा कापडी भाता जोडतो. अनेक कॅमेऱ्यांची मागील बाजू थेट अंधारखोलीत उघडत असे.

प्रतिमेचा आकार हे भाग पुढेमागे सरकवून ठरतो. भिंगाचे नाभीय अंतर १२० सेंमी असेल, तर मूळ आकाराच्या प्रतिमेसाठी फलक व निगेटिव्ह हे दोन्ही भिंगापासून २४० सेंमी अंतरावर ठेवावे लागतात. दोन-तृतीयांश आकारासाठी हीच अंतरे अनुक्रमे ३०० व २०० सेंमी होतात.

कार्यपद्धती

नकाशा बहुधा अंतिम आकारापेक्षा मोठा, उदाहरणार्थ दीडपट, रेखाटला जाई. लहान करताना हाताचे किरकोळ दोषही लहान होत. मात्र रेषाही त्याच प्रमाणात बारीक होत असल्याने रेखाटकाला त्या आधीच जाड काढाव्या लागत. रेखाटन फिक्या निळ्या छापावर काळ्या शाईने केले जाई. निळा रंग निगेटिव्हवर पांढऱ्या कागदासारखाच उमटत असल्याने केवळ काळ्या रेषा शिल्लक राहत. समोच्चरेषा, जलप्रवाह, रस्ते अशा प्रत्येक रंगाच्या घटकांसाठी स्वतंत्र रेखाटन व स्वतंत्र निगेटिव्ह लागे. निगेटिव्हवरील अनावश्यक छिद्रे अपारदर्शक रंगाने बुजवून मगच ती पत्र्यावर उतरवली जाई.

अचूकता

१:५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर १ मिमी म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. अशा ५० सेंमी रुंद नकाशाच्या लघूकरणात केवळ ०.१ टक्के चूक झाली, तरी रुंदीत ०.५ मिमी, म्हणजेच जमिनीवर २५ मीटर फरक पडतो. त्यामुळे चौकटीच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजून पाहिले जात. फलक व निगेटिव्ह समांतर नसल्यास आयताचा समलंब चौकोन होतो. बाजू व कर्ण मोजल्यावर हा दोष उघड होई.

दमट हवेत कागद फुगतो, म्हणून मूळ रेखाटनाचा कागद धातूच्या पत्र्यावर चिकटवण्याची आणि निगेटिव्हसाठी काच वापरण्याची प्रथा होती. रंगांच्या निगेटिव्हमध्ये किंचित फरक पडला, तर निळा ओढा तपकिरी समोच्चरेषांनी दाखवलेली दरी सोडून डोंगराच्या उतारावर छापला जाई.

ऱ्हास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेपित प्लास्टिकच्या पत्र्यावर कोरून रेषा काढण्याची पद्धत रूढ झाली. हे काम अंतिम आकारातच करता येत असल्याने त्यावरून छपाईचा पत्रा तयार करण्यासाठी कॅमेऱ्याची गरज कमी झाली. पुढे संगणकीय पद्धतीने ती जवळजवळ संपुष्टात आणली. मात्र जुने नकाशे संगणकात घेऊन त्यांवरून अंतरे मोजताना कागदाचे आकुंचन-प्रसरण व लघूकरणातील चुका आजही विचारात घ्याव्या लागतात.