वारो बारको केलंस?

अमेरिकेत बॉस्टनच्या ईशान्येला मार्बलहेड हे मासेमारांचं जुनं गाव. तिथल्या एका तळ्याला विल्मट रेड या बाईचं नाव आहे. सेलमच्या चेटूक-खटल्यांत १६९२ साली तिला फाशी दिलं गेलं. त्याच ‘रेड्स पाँड’वर गावातली हौशी माणसं आज शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यती लावतात. १९३०च्या सुमारास इथल्या मंडळींनी सुटसुटीत नियम केला: होडीची लांबी ५० इंच, शीड ८०० चौरस इंच. रुंदी आणि वजनाला जवळपास मोकळीक. ‘मार्बलहेड’ वर्गाच्या होड्या पुढे जगभर पसरल्या.

तेव्हा रेडिओ-नियंत्रण नव्हतं. होडीवाला शीड आणि सुकाणू लावून द्यायचा आणि काठाकाठाने तिच्याबरोबर चालायचा. पलीकडे त्याचा जोडीदार उभा. होडी काठाला आली की काठीने वळवून पुन्हा सोडायची. वाऱ्याच्या तोंडावर चढण्याच्या फेरीला तीन गुण, वाऱ्यासोबत धावण्याच्या फेरीला दोन. मेहनतीचा भाव जास्त, हे मला आवडतं.

होडीचं अंग घडवायची जुनी रीत म्हणजे पोळ्यांची चवड. पाइनच्या पातळ फळ्या, प्रत्येकीचा आकार वेगळा, आतला भाग आधीच कापून काढलेला. सरस लावून त्या एकावर एक दाबून ठेवायच्या. सरस सुकला की बाहेरून पायऱ्या दिसतात. त्या रंध्याने उतरवायच्या आणि पुठ्ठ्याचा साचा लावून दोन्ही बाजू पुन्हापुन्हा ताडून पाहायच्या. डावी-उजवीत किंचित फरक राहिला तरी होडी एका अंगाला ओढते. शर्यतीतला निम्मा निकाल या पुठ्ठ्यापाशीच लागतो, असं माझं मत.

खरी गंमत मात्र गणितात आहे. दहा मीटरची शिडाची बोट हुबेहूब दहापट लहान केली, तर शीड शंभरपट लहान होतं आणि वजन हजारपट कमी. वाऱ्याचा तिला कलंडवण्याचा जोर हजारपट घटतो; पण सरळ उभं राहण्याची तिची ताकद दहा हजारपट घटते. वारा तर तेवढाच. म्हणजे हुबेहूब होडी हमखास आडवी. म्हणून स्पर्धेच्या होडीखाली तिच्या मानाने अवाढव्य कणा आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा असतो. १९८८ साली आलेल्या ‘इंटरनॅशनल वन मीटर’ वर्गात होडीचं किमान वजन ४ किलो. त्यातले सव्वादोन-अडीच किलो नुसते कणा आणि गोळ्याचे!

वेगाचंही तेच. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात टॉर्की इथे मेणाच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून दाखवलं, की वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटवावा लागतो. वीस नॉटने जाणाऱ्या जहाजाची शंभरपट लहान प्रतिकृती दोन नॉटने चालली, तरच तिच्या लाटा खऱ्यासारख्या दिसतात. हौशी लोक हौसेने मोठी मोटर बसवतात आणि युद्धनौका स्पीडबोटीसारखी उधळते.

आपल्याकडे एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते. तिच्या नादाने मीही शाळेत असताना, मालवणला आजोळी, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची दोन फुटी होडी केली होती. फोटोवरून मापं घेतलेली, नाळेपासून डोलकाठीपर्यंत सगळं बिनचूक. तळ्यात सोडली आणि पहिल्याच झुळकीला उताणी. शेजारचे होड्या बांधणारे मेस्त्री बघत होते. म्हणाले, “होडी बारकी केलंस. वारो बारको केलंस?”

मग त्यांनी घरातल्या फाटक्या पागाची शिशाची चार वजनं सोडवली, पत्र्याच्या पट्टीला ठोकली आणि पट्टी होडीखाली उभी बसवली. होडी दिसायला भयंकर झाली. पण कलली, थरथरली, पुन्हा उभी राहिली आणि तळं ओलांडून निघाली. पलीकडे तिला वळवायला कुणी उभंच नव्हतं. लव्हाळ्यात शिरली ती संध्याकाळी गुडघाभर चिखलात उतरून काढली.