बोरघाटाच्या चित्रातली हिरवाई

कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाटाचा लोहमार्ग 1863 साली सुरू झाला. त्या काळी विलायती सचित्र साप्ताहिकं लाकडी ठशांवरून काळ्या शाईत चित्रं छापत. घाटाचं असं चित्र आज रंगीत मिळालं, तर भिंगाखाली धरा. ठसा अनेक ठोकळे जोडून केलेला असेल, तर त्यांच्या सांध्याची बारीक पांढरी रेघ दिसेल आणि तिच्यावरून, झाडाची कड ओलांडून गेलेला हिरवा रंगही. तो बहुधा नंतर, विक्रीसाठी हाताने भरलेला. त्या हिरवाईवरून चित्र पावसाळ्यातलं ठरवणं चूकच. रेषाही ठसा कोरणाऱ्या लंडनच्या कारागिराचीच ना, हा आक्षेप रास्त आहे. झाडंझुडपं त्याने मनाने कोरली असतील. पण कमानी, बोगदे, रुळांचं वळण यांसाठी त्याला मूळ रेखाटन किंवा छायाचित्र लागेच. म्हणून चित्र घेताना रंगाला भुलू नका. आधी रेषा तपासा.