घरातली बंदूक आणि उतारवय

मुले परगावी, शेजार विरळ आणि रात्र मोठी. अशा घरातील वृद्ध दांपत्याने वर्तमानपत्रात घरफोडीची बातमी वाचली, की मनात विचार डोकावतो : परवान्याची बंदूक घेऊन ठेवावी का? गावाकडच्या काही वाड्यांत वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक आजही आहे. तेथे प्रश्न निराळा असतो : ती आता कोणी सांभाळायची? दोन्ही प्रश्न वरवर कायद्याचे वाटतात. पण त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी प्रकृतीत दडलेली आहेत.

परवाना कसा मिळतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरांत पोलीस आयुक्त परवाना देतात. त्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. शस्त्राची गरज काय, हे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे मानसिक स्वास्थ्य व शारीरिक क्षमतेचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमीही द्यावी लागते. परवाना हाती आल्यावरच अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी करता येते आणि शस्त्राची नोंद परवान्यावर होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते.

निवड करताना शरीराला विचारा

घराच्या रक्षणासाठी सामान्यतः बारा बोअरची बंदूक किंवा सरकारी कारखान्यात बनलेले ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर यांचा विचार होतो. बंदूक लांब आणि जड. तिचा धक्का थेट खांद्यावर बसतो. हाडे ठिसूळ झालेल्यांना तो सोसणारा नव्हे. रिव्हॉल्व्हर हलके खरे, पण त्याचा घोडा ओढायला बोटांत जोर लागतो. संधिवात किंवा कंप असलेल्या हाताचा नेम स्थिर राहत नाही. मोतीबिंदूमुळे अंधुक प्रकाशात समोरची व्यक्ती चोर आहे की पाणी प्यायला उठलेला नातू, हे ओळखणे अवघड होते. झोपेची गोळी घेतलेल्या माणसाला मध्यरात्री जाग आली, तर भान पूर्ण येण्याआधीच हात शस्त्राकडे जाण्याचा धोका असतो. शिवाय कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो, तो बचावापुरताच. आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. तो निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो.

स्मृती क्षीण होते तेव्हा

शुश्रूषा करणाऱ्यांनी सर्वाधिक सावध राहावे ते येथे. स्मृतिभ्रंशात सायंकाळनंतर गोंधळ वाढणे, आपली वस्तू कोणी चोरली असा संशय येणे, पोटचा मुलगा अनोळखी वाटणे, हे प्रकार घडतात. जोडीदाराच्या निधनानंतर किंवा दीर्घ आजारात येणारे नैराश्य तितकेच गंभीर असते. निराशेच्या त्या घटकेला शस्त्र हाताशी नसणे, हेच प्राण वाचवणारे ठरू शकते. अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना घरातील शस्त्राची कल्पना अवश्य द्यावी. मन:स्वास्थ्यासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

मात्र स्वतःच्या नावे परवाना नसताना मुलाने बंदूक परस्पर आपल्या घरी नेऊ नये. तो गुन्हा ठरू शकतो. पोलीस ठाण्याशी संपर्क साधून ती तेथे किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करण्याची रीतसर व्यवस्था करावी. तोवर बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, हे काम परवानाधारकाकडूनच करवून घ्यावे. परवानाधारकाच्या वयाला सत्तर वर्षे झाली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर त्याने सुचवलेल्या कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते.

हा विषय काढताना वडिलांचा मान राखावा. अनेकांच्या लेखी ती बंदूक म्हणजे तरुणपण, घराण्याचा लौकिक आणि कर्तेपणाची खूण असते. 'तुम्हाला आता झेपत नाही' असे म्हणण्याऐवजी 'ही कोणाकडे सोपवायची, ते तुम्हीच ठरवा' असे म्हणून पाहावे. निर्णय त्यांचा राहिला, तर विरोधाची धार बोथट होते.

आणि भीतीचे काय? ती खरी असते. तिला हसू नये. भक्कम कडी, दाराबाहेर उजेड, शेजाऱ्यांशी रोजची विचारपूस, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची पोलीस ठाण्यात नोंद, उशाशी भ्रमणध्वनी, त्यात ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ : एवढी तयारी झाली की रात्र पुष्कळ लहान होते. त्यात मुलांचा रोज ठरल्या वेळी येणारा फोन मिळाला, तर डोळा निर्धास्त लागतो.