सीटचं कव्हर पिनांवर टिकतं कसं?

मोटारसायकलची सीट उलटी करून पाहा. काळ्या प्लॅस्टिकच्या तळाच्या कडेने स्टेपलच्या पिना ओळीने ठोकलेल्या दिसतील. कव्हरच्या रेक्झिनचा ताण, ढोलकीच्या पुडीसारखा, चहूबाजूंनी वाटलेला असतो. एक पीन निघाली की तिचा वाटा शेजारच्या पिनांवर पडतो. मग कव्हर एकाच बाजूने भराभर सुटत जातं.

तळालाच तडा गेला असेल तर? पहिला विचार येतो फेव्हिक्विकचा, आणि तो फसतो. हा तळ बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्याच्या पृष्ठभागाला परक्या पदार्थाची ओढच फार कमी, त्यामुळे गोंद नीट पसरत नाही आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघून येतो. पण हेच प्लॅस्टिक साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून जाणकार कारागीर तापल्या सोल्डरिंग आयर्नने तड्यावर बारीक जाळी आत दाबून बसवतो. त्याआधी तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडतो. हे उलटं वाटेल. पण अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो आणि तडा पुढे धावतो, गोल भोकाच्या कडेवर मात्र ताण पसरतो.

कडच तुटली असेल तर ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने बसवून कव्हर तिच्याखाली दाबायचं. जुन्या भोकांत पुन्हा पिना मारू नयेत, ती सैल झालेली असतात. रेक्झिन आधी उन्हात ठेवावं, नरम पडून नीट ताणलं जातं. पिना मारताना आधी पुढची बाजू, मग मागची, दोन्ही बाजूंच्या कडा शेवटी. पिना स्टेनलेस स्टीलच्या घ्या. फोम पावसाचं पाणी कित्येक दिवस धरून ठेवतो आणि साध्या पिना गंजतात.